वारा वळवणारा पंतप्रधान

इसवी सन २३४ चा शरद ऋतू. चीनमधील वेई नदीच्या दक्षिणेस, वूझांगच्या पठारावर शू राज्याच्या सैन्याची छावणी पडली होती. समोर बलाढ्य वेई राज्याची फौज. शंभराहून अधिक दिवस दोन्ही सैन्ये एकमेकांकडे पाहत उभी होती आणि निर्णायक लढाई काही होत नव्हती. याच छावणीत शूचे पंतप्रधान झुगे लियांग यांची प्राणज्योत मालवली. चिनी गणनेप्रमाणे वय अवघे ५४.

सुमारे अकराशे वर्षांनंतर लुओ ग्वानझोंग यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या 'तीन राज्यांची कथा' या महाकादंबरीने हाच मृत्यू वेगळ्या रंगात रंगवला. कादंबरीतील झुगे लियांग तंबूत दिवे मांडून सप्तर्षींची आराधना करतात. मुख्य दिवा सात दिवस तेवत राहिला, तर आयुष्य १२ वर्षांनी वाढणार असते. सहाव्या रात्री शत्रू आल्याची वर्दी देण्यासाठी एक सेनानी धावत आत शिरतो आणि त्याच्या पावलाने दिवा विझतो.

इतिहासातला माणूस आणि कादंबरीतला मांत्रिक यांच्यातील अंतर या दोन मृत्यूंमध्ये सामावलेले आहे.

झुगे लियांग यांचा जन्म १८१ चा, आजच्या शानदोंग प्रांतातला. वडील लवकर वारले. काकांनी सांभाळ केला. हान साम्राज्य मोडकळीस आले होते. काकांबरोबर दक्षिणेकडे आलेले झुगे लियांग पुढे लोंगझोंग येथे शेती करून राहिले. २०७ मध्ये राज्य नसलेला सरदार लियू बेई त्यांच्या झोपडीत आला. भेट होण्यासाठी त्याला तीन खेपा घालाव्या लागल्या, हे इतिहासकारांनाही मान्य आहे. तरुण झुगे लियांग यांनी त्याच्यापुढे एक आराखडा ठेवला : जिंग आणि यी हे दोन प्रांत मिळवावेत, पूर्वेकडील सुन छुआनशी मैत्री करावी आणि मग उत्तरेतील त्साओ त्साओला आव्हान द्यावे.

पुढच्याच वर्षी, २०८ मध्ये, 'लाल कड्यां'ची प्रसिद्ध लढाई झाली. झुगे लियांग यांची कामगिरी वकिलाची होती. सुन छुआनच्या दरबारी जाऊन त्यांनी युती घडवली. लढाई जिंकली ती सुन छुआनचा सेनापती झोऊ यू याने, शत्रूच्या आरमारात पेटती जहाजे घुसवून. कादंबरीत मात्र झुगे लियांग वेदी उभारून आग्नेयेचा वारा बोलावतात. धुक्यात गवताच्या पेंढ्यांनी भरलेल्या नावा पाठवून शत्रूचेच लाखभर बाण गोळा करतात. बाणांच्या या कथेचे बीज एका जुन्या नोंदीत सापडते. पण तिथे नाव एकच आहे आणि तिच्यावर सुन छुआन स्वतः स्वार आहे.

रिकाम्या किल्ल्याची गोष्ट तर चीनमध्ये घरोघरी ठाऊक आहे. दरवाजे सताड उघडे टाकून झुगे लियांग तटावर वाद्य वाजवत बसतात आणि सापळ्याच्या भीतीने सिमा यी माघार घेतो. पाचव्या शतकातील भाष्यकार पेई सोंगझी यांनी ही गोष्ट तेव्हाच खोडून काढली होती. त्या वेळी सिमा यी त्या भागात नव्हताच.

मग खरे झुगे लियांग कसे होते? २२३ मध्ये लियू बेई वारला आणि कोवळ्या वयाच्या राजाचा भार त्यांच्यावर आला. तीन राज्यांत शू सर्वांत दुबळे. त्यांनी कायदा कडक केला, दक्षिणेतील बंड शमवले, शेती आणि रसद सावरली. २२८ मध्ये विश्वासातल्या मा सू याच्या चुकीमुळे जिएटिंग हातचे गेले, तेव्हा त्याला मृत्युदंड दिला आणि स्वतःचीही पदावनती करून घेतली. वीस फटक्यांच्या शिक्षेचे प्रकरणदेखील ते स्वतः तपासत. जेवण कमी आणि काम अफाट, हे ऐकूनच सिमा यीने त्यांचा अंत जवळ आल्याचे ताडले होते.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी जन्मलेले इतिहासकार चेन शौ यांनी निवाडा केला, की राज्यकारभारात हा पुरुष असामान्य, पण युद्धातील अनपेक्षित डावपेच हे त्याचे बलस्थान नव्हे. कादंबरीने नेमके उलटे चित्र काढले. १८ व्या शतकात झांग श्युएचेंग यांनी या ग्रंथात सात भाग सत्य आणि तीन भाग कल्पना असल्याचे सांगून या सरमिसळीने वाचक गोंधळतो अशी तक्रार केली. विसाव्या शतकात लू शुन यांनाही कादंबरीतील झुगे लियांग यांची अतिचतुराई अमानवी वाटली.

तरीही कादंबरीकाराने एक मर्यादा पाळली. वारा वळवणाऱ्या या मांत्रिकाला त्याने उत्तर जिंकू दिले नाही, आयुष्याचा एक दिवसही वाढवून दिला नाही. २६३ मध्ये शू राज्य बुडाले. झुगे लियांग यांचा मुलगा लढताना पडला. हे सारे कादंबरीतही तसेच घडते.

चमत्काराने वाचकाला आशा लावायची आणि इतिहासाने ती हिरावून घ्यायची, हेच या ग्रंथाचे सामर्थ्य आहे. चेंगदूच्या स्मृतिमंदिरात आजही लोक झुगे लियांग यांच्यापुढे नतमस्तक होतात. तिथे मांत्रिकाचे स्मरण होते तसेच कागदपत्रे तपासत झिजलेल्या प्रशासकाचेही. मृत्यूनंतर त्यांच्या मालमत्तेत भर पडलेली आढळली नाही. तुतीची ८०० झाडे आणि थोडी जमीन, एवढीच त्यांनी राजाला आधी कळवलेली मिळकत होती.