वार्धक्याचे कोडे आणि हाल्डेन

जनुकांच्या साह्याने वार्धक्यावर मात करता येईल काय, या प्रश्नाच्या मुळाशी जाणारा विचार ज्यांनी दिला, ते ब्रिटिश शास्त्रज्ञ म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे जन्मलेल्या हाल्डेन यांनी उत्क्रांतिवादाला गणिताची बैठक दिली. हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक विकार बहुधा मध्यमवयात प्रकटतो. तोवर रुग्णाला अपत्ये झालेली असतात आणि सदोष जनुक पुढच्या पिढीत पोहोचलेले असते. उशिरा घात करणारी अशी जनुके निसर्गाच्या चाळणीतून निसटतात, हे सूत्र हाल्डेन यांनी १९४१ मध्ये मांडले. पीटर मेडावर यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात त्यावरच वार्धक्याची उपपत्ती उभारली. तिच्यानुसार म्हातारपण ही एका जनुकाची करणी नसून पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या अनेक दोषांचा तो परिणाम आहे. म्हणूनच एखादे जनुक बदलून चिरतारुण्य लाभणे कठीण. १९५७ मध्ये हाल्डेन भारतात आले व पुढे येथील नागरिक झाले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे, वयाच्या ७२ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. उतारवयातील व्याधीपुढे त्यांचाही इलाज चालला नाही. देह मात्र त्यांनी वैद्यकीय अभ्यासासाठी देऊ केला होता.