आजचे मनन : टिळकांचं घर
वाचन : १ तीमथ्य ३:१-७

मंडळीच्या पुढाऱ्याने आधी आपलं घर नीट चालवावं, असं पौल या भागात लिहितो. हे वाचलं की मला रेव्ह. नारायण वामन टिळक आठवतात. खरं सांगायचं तर या कसोटीला ते सुरुवातीला उतरत नाहीत.

१० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू सोबत नव्हते. बातमी कळली तेव्हा बाईंवर आभाळच कोसळलं. पुढची जवळपास पाच वर्षं नवरा-बायको वेगळे. (मी ऑनसाइट गेलो की दोन महिन्यांतच घरचे कंटाळतात, तेही रोज व्हिडिओ कॉल करून!)

पण टिळकांनी बायकोचा नाद सोडला नाही आणि जबरदस्तीही केली नाही. त्या अहमदनगरला आल्या, तेव्हाही सोवळं पाळायची मोकळीक त्यांना होती. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

मग घर भरलं. अनाथ मुलांनाही तिथे आसरा मिळाला. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पैसा मात्र त्यांच्या हातात कधी टिकला नाही, संसाराची ओढाताण बाईंच्याच वाट्याला आली.

९ मे १९१९ ला टिळक प्रभूकडे गेले. १९०९ मध्ये हाती घेतलेलं 'ख्रिस्तायन' अपुरंच राहिलं. ज्या बायकोला त्यांनी लिहाय-वाचायला शिकवलं, तिनेच पुढे ते लिहायला घेतलं. त्यातले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत.