रफी अहमद किदवई : मंत्रीपद भूषवले, पण घर पडकेच राहिले

मुंबईत वडाळा-शिवडीच्या बाजूला रफी अहमद किदवई मार्ग आहे. दुकानांच्या पाट्यांवर, पत्त्यांवर आणि लोकांच्या तोंडी त्याचे केव्हाच आर. ए. के. मार्ग झाले आहे. आम्ही एकदा वर्गात मुलांना विचारले, हे रफी अहमद किदवई कोण? एका मुलाने झटकन हात वर केला आणि गायक मोहम्मद रफींचे नाव सांगितले. वर्ग हसला. आम्ही मात्र संध्याकाळी घरी आल्यावर मोठ्या माणसांनाही तोच प्रश्न विचारला. कोणीतरी मंत्री होते, एवढेच उत्तर मिळाले. मग मुलाला काय बोल लावायचा?

म्हणून आज रफी साहेबांची ही थोडक्यात ओळख. घरातल्या मुलांना वाचून दाखवता येईल अशी.

रफी साहेबांचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४ रोजी संयुक्त प्रांतातल्या (आजचा उत्तर प्रदेश) बाराबंकी जिल्ह्यात मसौली या गावी झाला. वालिद इम्तियाज अली जमीनदार होते आणि सरकारी नोकरीतही होते. आई लहानपणीच गेली. शिक्षणासाठी मुलाला चाचा विलायत अली यांच्याकडे बाराबंकीला ठेवले. हे चाचा वकील, राजकारणात रस असलेले आणि लेखणीनेही गमतीदार. मौलाना मोहम्मद अलींच्या ‘कॉम्रेड’ या इंग्रजी साप्ताहिकात ते विनोदी लेख लिहीत. घरात रोज देशाच्या गोष्टी निघत, आणि मुलाच्या कानावर त्या पडत राहिल्या.

पुढे ते अलीगढच्या कॉलेजात गेले. १९१८ साली बी. ए. झाले आणि वकिलीचा अभ्यास सुरू केला. तेवढ्यात खिलाफत आणि असहकाराची चळवळ उभी राहिली. रफी साहेबांनी वकिलीची पुस्तके मिटली ती कायमचीच. तुरुंग झाला. सुटून आल्यावर ते अलाहाबादला मोतीलाल नेहरूंचे सचिव झाले. नेहरू घराण्याशी त्यांचे नाते इथून जुळले आणि शेवटपर्यंत टिकले.

१९२६ मध्ये ते केंद्रीय विधिमंडळावर निवडून आले आणि स्वराज पक्षाचे प्रतोद झाले. प्रतोद म्हणजे आपल्या पक्षाची माणसे मतदानाच्या वेळी हजर ठेवणारा. भाषणे गाजवणारे दुसरे होते. रफी साहेबांना सभेत बोलणे फारसे जमत नसे. पण कोण कुठे आहे, कोणाची काय अडचण आहे, कोण कोणाचे ऐकतो, हे सगळे त्यांच्या डोक्यात पक्के असायचे. राजकारणातली त्यांची ताकद हीच होती. माणसे ओळखायची आणि माणसे सांभाळायची.

१९३० मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला तेव्हा त्यांनी विधिमंडळाचा राजीनामा दिला आणि रायबरेलीच्या शेतकऱ्यांत जाऊन बसले. जगात मंदी आली होती, धान्याचे भाव कोसळले होते आणि कुळांना खंड भरणे अशक्य झाले होते. खंड देऊ नका, असे सांगत रफी साहेब गावोगाव फिरले आणि पुन्हा तुरुंगात गेले. आता बघा, हा माणूस स्वतः जमीनदाराच्या घरचा. खंड बंद झाला तर नुकसान कोणाचे? त्यांच्याच नातेवाइकांचे, त्यांच्याच बिरादरीचे.

१९३७ साली प्रांतांच्या निवडणुका झाल्या. संयुक्त प्रांतात काँग्रेसच्या प्रचाराची सूत्रे रफी साहेबांच्या हातात होती. पक्षाला बहुमत मिळाले, पण ते स्वतः पडले. तेव्हा मुस्लिमांसाठी वेगळे मतदारसंघ असत आणि तिथे फक्त मुस्लिमच मत देत. म्हणजे ज्यांच्यातून ते आले, त्याच लोकांनी त्यांना नाकारले होते. हा घाव लहान नव्हता. पुढे बहराइचच्या पोटनिवडणुकीतून ते निवडून आले आणि गोविंद वल्लभ पंत यांच्या मंत्रिमंडळात महसूल व तुरुंग खात्याचे मंत्री झाले. ज्या तुरुंगात कैदी म्हणून दिवस काढले, तेच खाते हातात आले.

पण त्यांचे खरे काम महसूल खात्यात झाले. १९३९ च्या कूळ कायद्याने आग्रा आणि अवधच्या लाखो कुळांना जमिनीवर वारसा हक्क मिळाला. बाप मेला की मुलाला जमिनीवरून हुसकावायचे, नजराण्याच्या नावाखाली वरचे पैसे उकळायचे, अशा गोष्टींना या कायद्याने लगाम बसला. या कुळांत हिंदू होते तसे मुस्लिमही होते. निवडणुकीत मत न देणाऱ्यांच्या घरीही हा कायदा पोहोचला.

महायुद्धाच्या काळात पुन्हा तुरुंग झाला. १९४६ ला पुन्हा सरकार आले आणि रफी साहेब प्रांताचे गृहमंत्री झाले.

आणि मग १९४७ उजाडले.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात दोन मुस्लिम मंत्री होते. एक मौलाना आझाद आणि दुसरे रफी अहमद किदवई. त्यांच्याकडे दळणवळण खाते आले. त्या दिवसांत उत्तर भारतातल्या मुस्लिम घरांत एकच चर्चा होती, जायचे की राहायचे? ओळखीचे, नात्यातले, शिकलेले लोक निघून चालले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये रफी साहेबांचे सख्खे भाऊ शफी अहमद किदवई यांचा मसुरीत दंगलीत खून झाला. ते तिथल्या नगरपालिकेचे प्रशासक होते. केंद्रीय मंत्र्याचा भाऊही वाचू शकला नाही.

इथे आपण क्षणभर थांबावे. सख्खा भाऊ असा गेला तर आपल्या घरात काय होईल? रफी साहेब राहिले, आणि नुसते राहिले नाहीत, दुसऱ्या दिवसापासून त्याच देशाचे टपाल आणि तारखाते चालवत राहिले. शफी साहेबांच्या बेवा अनीस किदवई गांधीजींना जाऊन भेटल्या आणि दिल्लीच्या निर्वासित छावण्यांत सेवेला लागल्या. त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी पुढे ‘आज़ादी की छाँव में’ या उर्दू पुस्तकात लिहिल्या. मुलींच्या हातात हे पुस्तक जरूर द्यावे. दुःखाला कामाला कसे लावायचे, ते त्यात आहे.

दळणवळण मंत्री म्हणून त्यांनी केलेली एक गोष्ट आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. १९४९ मध्ये त्यांनी रात्रीची विमान टपाल सेवा सुरू करवली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री टपाल घेऊन विमाने निघत आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. तिथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत विमाने आपापल्या शहरात परत. दिवसचे दिवस लागणारे पत्र दुसऱ्या दिवशी हातात पडू लागले. नागपूरच का, हा प्रश्न आम्ही मुलांना नकाशा समोर ठेवून विचारतो. बोट ठेवले की कळते, नागपूर चारही शहरांच्या मधोमध आहे. टेलिफोनसाठी सरकारकडे पैसा नव्हता, तर लोकांकडून आगाऊ रक्कम घेऊन फोन देण्याची योजनाही त्यांनी काढली. तिजोरी रिकामी आहे म्हणून हात बांधून बसणे त्यांना मंजूर नव्हते.

१९५१ मध्ये एक वळण आले. काँग्रेस अध्यक्ष पुरुषोत्तमदास टंडन यांच्या धोरणाशी त्यांचे पटेना. रफी साहेबांनी मंत्रीपद सोडले, पक्ष सोडला आणि आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षात गेले. काही महिन्यांत टंडन पायउतार झाले, नेहरू अध्यक्ष झाले आणि रफी साहेब काँग्रेसमध्ये परतले. १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक ते बहराइच जिल्ह्यातून जिंकले. आता वेगळे मतदारसंघ नव्हते. हिंदू-मुस्लिम सगळ्यांनी मिळून त्यांना निवडून दिले. १९३७ च्या पराभवानंतर पंधरा वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते, असे आम्हाला वाटते.

आता त्यांच्याकडे अन्न आणि शेती खाते आले. हे खाते म्हणजे काट्यांची गादीच. युद्धापासून धान्यावर कंट्रोल होता. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना कंट्रोलचे दुकान आणि त्यापुढची रांग अजून आठवत असेल. धान्य एका भागातून दुसऱ्या भागात न्यायला बंदी, शेतकऱ्याला ठरलेला भाव, आणि मागच्या दाराने काळा बाजार. रफी साहेबांना वाटे की टंचाईपेक्षा टंचाईची भीती मोठी आहे. भीतीने व्यापारी धान्य दडवतो, शेतकरी दडवतो, आणि घरची बाईसुद्धा दोन पायली जास्त भरून ठेवते. त्यांनी एकेक बंधन सैल करायला सुरुवात केली. अनेकांना हा जुगार वाटला. पाऊस दगा देता तर लोक उपाशी मरते. पण १९५३ चे पीक चांगले आले, धान्य बाजारात आले, भाव उतरले. १९५४ मध्ये तांदळावरचे नियंत्रणही उठले. नशिबाची साथ होती, हे खरेच. पण लोकांवर भरवसा टाकण्याची हिंमत त्यांची स्वतःची होती.

रफी साहेब फरिश्ता नव्हते. उत्तर प्रदेशच्या काँग्रेसमध्ये त्यांचा मोठा गट होता आणि गटबाजीचा दोष त्यांना दिला जाई. १९५३ मध्ये काश्मीरचे शेख अब्दुल्ला यांना पदावरून काढून अटक झाली, त्या निर्णयामागच्या मंडळींत रफी साहेबांचेही नाव घेतले जाते. या गोष्टीवर आजही मतभेद आहेत आणि ते असायला हरकत नाही. मोठ्या माणसाची चूक लपवून त्याला मोठे करता येत नाही.

दिल्लीत २४ ऑक्टोबर १९५४ रोजी रफी साहेबांचा इंतिकाल झाला. वय साठ. एकुलता एक मुलगा बालपणीच वारला होता. मागे काय राहिले? मसौलीतले एक पडके घर आणि कर्ज.

पक्षासाठी पैसा गोळा करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. हजारो रुपये त्यांच्या हातातून गेले. आंदोलनाला गेले, कार्यकर्त्याच्या घरी गेले, दारात आलेल्या गरजवंताला गेले. स्वतःच्या घराची भिंत काही दुरुस्त झाली नाही.

खरं सांगायचं तर हे लिहिताना आम्ही अडखळलो. आपल्याकडे कर्ज ही हलकी गोष्ट नाही. मय्यत घरात असते तेव्हा पहिला प्रश्न कर्जाचाच निघतो. मग मुलांना हे कौतुकाने कसे सांगायचे? आम्ही असे सांगतो : हिशोब ठेवा, कर्ज काढू नका, काढले तर फेडा. पण पैसा कोणत्या दिशेने वाहत होता, तेही पाहा. सत्तेत जाऊन घर भरणारे आपण रोज बघतो. हा माणूस वर्षानुवर्षे सत्तेत होता आणि पैसा त्याच्या घरातून बाहेर जात होता.

त्यांच्या नावाने १९५६ पासून शेती संशोधनाचा मोठा पुरस्कार दिला जाऊ लागला. बंगळुरूला किदवई नावाचे कर्करोगाचे मोठे रुग्णालय आहे. दिल्लीत, कोलकात्यात आणि आपल्या मुंबईत रस्ते आहेत. म्हणजे देशाने नाव जपले आहे. त्या नावामागचा माणूस आपल्या घराघरांत सांगण्याचे काम मात्र आपले आहे.

पुढच्या वेळी वडाळ्याला आर. ए. के. मार्गावरून जाल, तेव्हा सोबतच्या मुलाला पूर्ण नाव वाचायला लावा. मोहम्मद रफींचे नाव निघाले तर रागावू नका. तिथूनच सांगायला सुरुवात करा.

अल्लाह मरहूम रफी साहेबांची मग़फिरत फरमावो. आमीन.