टीम लीड म्हाइंभट, ऑफिस रिद्धपूर

सिनियर नोकरी सोडून गेला की सोबत अर्धा प्रोजेक्ट डोक्यात घेऊन जातो. सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या कुठल्याही ताई-दादाला विचारा. कोड जागेवर असतो, पण तो तसाच का लिहिला हे सांगणारं कोणी उरत नाही. मग नवी टीम अंदाजाने काम रेटते.

हीच अडचण साडेसातशे वर्षांपूर्वी आपल्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला आली होती. ती ज्याने सोडवली त्याचं नाव तुम्ही एका मार्कासाठी पाठ केलेलं आहे : म्हाइंभट, 'लीळाचरित्र'वाले. आज त्यांच्याकडे जरा टीम लीड म्हणून बघा.

पंडित, पण शिकायला तयार

म्हाइंभट मूळचे सराळे गावचे. घरचे सधन, शास्त्रांचा अभ्यास दांडगा आणि त्याचा अभिमानही तेवढाच. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामी यांच्याशी ते वाद घालायला गेले आणि त्यांचेच होऊन परतले. आपल्यापेक्षा जास्त कळणारा माणूस भेटला की कान उघडे ठेवायचे, हे त्यांना जमलं. टॉपर असलेल्यांना हे किती जड जातं, तुम्हाला माहीतच आहे.

चक्रधरांनी स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. त्यांचं सगळं बोलणं, वागणं शिष्यांच्या आठवणीत होतं. १२७४ च्या सुमारास ते गेले. शिष्यमंडळी रिद्धपूरला, चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्याजवळ आली. नेतृत्व नागदेवाचार्यांकडे आलं.

नागदेवाचार्य स्वामींच्या आठवणी मनात घोळवत बसायचे. म्हाइंभटांच्या ध्यानात आलं की ही माणसं आहेत तोवर ठीक, पुढे काय? डेडलाइन कोणी दिली नव्हती, पण साक्षीदारांचं वय वाढत होतं. तीच खरी डेडलाइन.

काम कसं केलं?

आता त्यांची पद्धत बघा. पहिली गोष्ट, त्यांनी एकट्याच्या आठवणीवर विसंबून लिहिलं नाही. जो प्रसंग ज्याच्यासमोर घडला, त्याच्याकडे जाऊन विचारलं. कुठे घडलं, कोण होतं, कोण काय बोललं, सगळं टिपलं. त्यात बायकाही होत्या, साधी माणसंही. माहिती पदावर नाही तर प्रसंग पाहणाऱ्याकडे असते, हे त्यांनी ओळखलं होतं. आज कंपन्या याला 'रिक्वायरमेंट गोळा करणं' म्हणतात आणि बऱ्याचदा फक्त साहेबालाच विचारून मोकळ्या होतात.

दुसरी गोष्ट, रिव्ह्यू. जमवलेली लीळा नागदेवाचार्यांना दाखवायची, त्यांनी ती तपासायची. एवढा मोठा पंडित, पण आपलं लिखाण दुसऱ्याकडून तपासून घेण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. नागदेवाचार्यांचंही बघा. प्रमुख असून त्यांनी लिहिण्याचं काम म्हाइंभटांवर सोपवलं आणि स्वतः खरं-खोटं पारखायला बसले. लीडने सगळंच स्वतः करायचं नसतं ना!

तिसरी गोष्ट, भाषा. तेव्हा विद्वानांचं लिखाण संस्कृतात चालायचं. म्हाइंभटांनाही ते येत होतं. पण त्यांनी मराठीत लिहिलं, लोक बोलायचे तसं, छोट्या छोट्या वाक्यांत. नागदेवाचार्यांचाही आग्रह हाच होता : संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील. वापरणाऱ्याला कळत नसेल तर डॉक्युमेंट कितीही भारी असो, काय कामाचं?

रिद्धपूरच्या वाजेश्वरी स्थानी १२७८ च्या सुमारास हे काम झालं असं मानतात. 'ज्ञानेश्वरी' आली १२९० मध्ये. मराठीतला हा आद्य गद्य चरित्रग्रंथ आपल्या वऱ्हाडात तयार झाला. म्हाइंभट तिथेच थांबले नाहीत. गोविंदप्रभूंचं चरित्रही त्यांनी लिहिलं, आणि त्यातून तेव्हाचं रिद्धपूर आजही दिसतं.

आणि पोथीच हरवली

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीवर दिल्लीच्या स्वाऱ्या झाल्या. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली. सगळी मेहनत पाण्यात जायची वेळ आली.

पण तोवर तो मजकूर एकट्या पोथीत राहिलेला नव्हता. हिराइसेसारख्या शिष्यांना तो पाठ होता. त्यांच्या आठवणीतून पुन्हा पोथ्या तयार झाल्या. सांगणाऱ्यांत फरक पडला तिथे एकाचं खरं धरून दुसऱ्याचं पुसून टाकलं नाही, वेगळे पाठही नोंदवून ठेवले. कुठलं व्हर्जन कोणाचं, हे त्यामुळे अभ्यासकांना आजही शोधता येतं. बॅकअप माणसांमध्येही असतो, फक्त त्यासाठी टीममध्ये माहिती दाबून ठेवायची नसते.

आता तुम्ही म्हणाल, हा धर्मग्रंथ, आमचा प्रोजेक्ट पगाराचा. खरंय. म्हाइंभटांच्या कामामागे श्रद्धा होती, ती कंपनीत आणता येत नाही. पण विचारणं, तपासून घेणं, सोप्या भाषेत लिहून ठेवणं आणि सगळ्यांना वाटणं, यासाठी श्रद्धा लागत नाही. सवय लागते.

आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. अमरावतीहून तासा-दीड तासाची वाट आहे. एखाद्या रविवारी गाडी काढा, वाजेश्वरीला जाऊन या. आणि सोमवारी कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये जे फक्त तुमच्याच डोक्यात आहे, ते आधी लिहून काढा.