बिनतारी वाणीचे प्रवर्तक : प्रो. रेजिनाल्ड फेसेंडेन

मोबाइलमधील गीत खोलीच्या कोपऱ्यांतील स्पीकरमधून ऐकूं येतें, आणि दोहोंमध्यें तार नसते. ही सोय आपल्या विद्यार्थ्यांच्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्या मुळाशीं कोणाचे कष्ट आहेत, हा विचार सहसा मनांत येत नाहीं. म्हणून विजेच्या लहरींवर मनुष्याची वाणी चढविण्यासाठीं झटलेल्या एका पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सादर करीत आहों.

रेजिनाल्ड फेसेंडेन यांचा जन्म ता. ६ ऑक्टोबर १८६६ रोजीं कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. तरुणपणीं त्यांनीं बर्म्यूडा बेटावर शिक्षकाचें काम केलें. १८८६ सालीं एडिसनसाहेबांकडे नोकरी मिळावी म्हणून ते न्यूयॉर्कास गेले. प्रथम नकार मिळाला. तरी न खचतां, जमिनीखालून विजेच्या तारा घालण्याच्या कामावर ते हलक्या हुद्द्यानें राहिले, आणि पुढें एडिसनच्या प्रयोगशाळेंत रसायनज्ञ झाले. १८९० त ती नोकरी सुटली. १८९३ पासून ते पिट्सबर्ग येथें विद्युच्छास्त्राचे प्राध्यापक होते.

त्यानंतर थोड्याच वर्षांत मार्कोनी यांच्या बिनतारी यंत्राचा सर्वत्र बोलबाला झाला. त्यांत ठिणगी उडवून लहरी उत्पन्न करीत. प्रत्येक ठिणगीबरोबर लहर उठे व लगेच विरून जाई. अशा तुटक लहरींनीं मोर्सच्या खुणा पोंचत. बोलणें पोंचत नसे. नदीच्या संथ प्रवाहाप्रमाणें लहर अखंड असेल, तरच तिच्यावर आवाजाचे चढउतार उमटतील, असें फेसेंडेन यांचें मत होतें. कित्येक जाणत्यांस तें पटेना.

अमेरिकेच्या हवामान खात्याच्या नोकरींत असतां, ता. २३ डिसेंबर १९०० रोजीं कॉब बेटावर त्यांनीं आपला आवाज सुमारें एक मैल दूर पोंचविला. तिकडे बर्फ पडत आहे काय, इतकेंच त्यांनीं साहाय्यकास विचारलें. शब्द कळले, पण खरखर फार होती. कारण लहर अद्याप ठिणगीचीच होती. अखंड लहरीसाठीं सेकंदास हजारों वेळां दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह हवा होता. तसें यंत्र मिळण्यास १९०६ साल उजाडलें. त्या डिसेंबरांत ब्रँट रॉक येथून त्यांचें भाषण अकरा मैलांवरील प्लिमथ गांवीं स्पष्ट ऐकूं आलें. त्याच नाताळांत आपण जहाजांस व्हायोलिन व बायबलवाचन ऐकविलें, असें त्यांनीं पुढें लिहिलें. परंतु तत्कालीन नोंद न सांपडल्यानें इतिहासकार त्याविषयीं साशंक आहेत.

पुढें भांडवलवाल्या भागीदारांशीं त्यांचें बिनसलें. १९११ त त्यांस कंपनींतून काढण्यांत आलें, आणि हक्कांचे तंटे १९२८ पर्यंत चालले. तथापि ते स्वस्थ बसले नाहींत. १९१२ सालीं टायटॅनिक जहाज बुडालें. त्यानंतर पाण्यांतील ध्वनीच्या प्रतिध्वनीनें हिमनग ओळखण्याचें यंत्र त्यांनीं सिद्ध केलें. ता. २२ जुलै १९३२ रोजीं बर्म्यूडांत त्यांचें देहावसान झालें.

आजचा मोबाइल आवाजाचे आंकडे करून ते स्पीकराकडे धाडतो; त्याची लहर बहुधा सेकंदास सुमारें २४० कोटी आंदोलनें करते. साधनें पालटलीं, परंतु एकसारखी लहर घेऊन तिच्यावर आवाज चढविणें हें मूळ तत्त्व तेंच राहिलें. फेसेंडेन यांस कीर्ति मार्कोनीइतकी लाभली नाहीं, आणि धनासाठीं अर्धें आयुष्य झगडावें लागलें. तरी घरोघरीं निनादणारा प्रत्येक बिनतारी स्वर त्यांच्या चिकाटीची साक्ष देतो. विद्यार्थ्यांनीं तो ऐकतांना या गृहस्थाचें ऋण स्मरावें, एवढीच आमची इच्छा आहे.