वाटाण्याच्या वेलावर मिळालेले कर्ज

आमच्या वडिवळ्याहून मुंबईला जायचे म्हणजे आधी कामशेत गाठायचे आणि तिथून लोकलने लोणावळा. मधले स्टेशन मळवली. कार्ले-भाज्याची लेणी पाहायला निघालेली मंडळी तिथे उतरतात. बँकेच्या नोकरीत मी या गाडीने कित्येक वर्षे ये-जा केली. पण मळवलीला एकेकाळी राजा रविवर्म्याचा छापखाना होता आणि त्या छापखान्याची कामे करून देणारा एक उद्योग पुढच्याच स्टेशनावर, लोणावळ्यात सुरू झाला होता, हे मला निवृत्तीनंतर वाचनात आले. आपल्या आजी-पणजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे याच मावळच्या हवेत छापून निघालेली असू शकतात! लोणावळ्यातल्या त्या उद्योगाचे नाव होते ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’. साल 1906. मालकाचे वय छत्तीस.

हेच आपले दादासाहेब फाळके. त्यांना चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून सारा देश ओळखतो. मला मात्र आज त्यांच्याकडे माझ्या जुन्या खुर्चीतून, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या नजरेने पाहायचे आहे. निर्जीव वस्तूंना पडद्यावर चालायला लावणारा आपल्याकडचा पहिला माणूसही तोच. आज ज्याला आपण ॲनिमेशन म्हणतो आणि ज्याच्या जोरावर परदेशात अब्जावधींच्या कंपन्या उभ्या राहिल्या, त्या धंद्याचा आपल्या भूमीतला पहिला अंकुर यांच्याच घरात फुटला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. घर संस्कृत विद्वानाचे. मुलाचा ओढा चित्रांकडे पाहून त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घातले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण आणि छपाईच्या प्रक्रिया शिकले. गोध्र्याला त्यांनी फोटोचे दुकान काढले, पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोन्ही गेले. मग काही काळ ते जादूचे प्रयोगही करीत. आडनावाची अक्षरे उलटी करून त्यांनी नाव घेतले होते प्रोफेसर केळफा. 1902 मध्ये दुसरे लग्न झाले. या सरस्वतीबाई. त्यांच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

पुरातत्त्व खात्यातली सरकारी नोकरी सोडून फाळक्यांनी लोणावळ्याचा छापखाना काढला. काम वाढले, छापखाना दादरला गेला, भागीदार बदलले, नाव ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाले. 1909 मध्ये यंत्रे आणायला मालक जर्मनीला जाऊन आले. धंदा चांगला चालला होता. आणि अशा चालत्या धंद्यातून भागीदाराशी न पटल्याने फाळके बाहेर पडले, तेही रिकाम्या हाताने. बँकेतल्या माझ्या सवयीप्रमाणे मी इथे समासात लाल पेन्सिलीची खूण केली असती.

1911 च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावात तंबूतल्या पडद्यावर त्यांनी ख्रिस्ताचे जीवन पाहिले आणि त्या जागी त्यांना आपले राम-कृष्ण दिसू लागले. ध्यास असा लागला, की रोज तासन् तास चित्रपट पाहून आणि प्रयोग करून काही काळ दृष्टीच गेली. ती औषधोपचाराने परत आली. आता हवे होते विलायतेला जाऊन शिकण्यापुरते पैसे. बारा हजारांच्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी दहा हजार उभे केले. पॉलिसीची रक्कम बारा हजार असली, तरी तिची त्या घडीची किंमत, म्हणजे सरेंडर व्हॅल्यू, त्याहून बरीच कमी असते, हे कुठलाही बँकवाला सांगेल. म्हणजे देणाऱ्याने कागदाबरोबर माणसाकडेही पाहिले असणार.

फेब्रुवारी 1912 मध्ये फाळके बोटीत बसले आणि 1 एप्रिलला परत आले. त्याच दिवशी ‘फाळके फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. विल्यमसन कंपनीचा पन्नास पौंडांचा कॅमेरा मागवला होता. पण पुढचे भांडवल? लोकांना हे सारे वेडच वाटत होते. फाळक्यांनी मग एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा त्या कुंडीसमोर रोवला. महिन्याहून अधिक काळ, ठरावीक वेळाने एकेक चित्र. मूकपटाच्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण सोळा चित्रे सरकत. म्हणजे मिनिटभराच्या फितीला जवळजवळ हजार चित्रे लागणार! कुंडी हलता कामा नये, कॅमेऱ्याची जागा केसभरही बदलता कामा नये. हे सगळे चिकाटीने पार पडले आणि पडद्यावर मिनिटभरात दाणा फुटला, कोंब वर आला, पाने उलगडली, वेल चढला. या फितीचे नाव ‘अंकुराची वाढ’.

ती त्यांनी मोजक्या लोकांना दाखवली. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी ती पाहून पैसे द्यायची तयारी दाखवली.

इथे मला थांबावे लागते. 1996 च्या सुमाराची गोष्ट. मावळातल्याच एका शाखेत मी कर्जाचे काम पाहत होतो. शेजारच्या गावचा एक पोरगा आला. त्याला संगणक घेऊन हलणारी चित्रे करायची होती. जाहिराती मिळतील, पुढे मुलांच्या गोष्टी करू, असा त्याचा हिशेब. बरोबर आई होती. तिने पदराच्या गाठीत दोन पाटल्या आणल्या होत्या. पोराने एक व्हिडिओ कॅसेटही आणली होती, आपल्या हाताने केलेली. मी हमीदार विचारला, अनुभवाचा दाखला विचारला, जमिनीचा सातबारा विचारला. पाटल्यांचे वजन माझ्या अपेक्षेत बसत नव्हते. कॅसेट मात्र मी पाहिली नाही. शाखेत यंत्र नव्हते हे खरे. पण कामशेतच्या बाजारात ते कुणाकडेही मिळाले असते. मी अर्ज नामंजूर केला. नियमाने माझे काही चुकले नव्हते. तरीही फाळक्यांचे हे वाटाण्याचे प्रकरण वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामती झाली अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाची, कारण बाईमाणूस मिळेना. पण त्या पडद्यामागे सरस्वतीबाई होत्या. त्यांनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, रात्री अंधारात बसून कोऱ्या फितीला भोके पाडली, फिल्म धुतली. आजच्या भाषेत त्या प्रॉडक्शन मॅनेजर, प्रयोगशाळा प्रमुख आणि पहिल्या गुंतवणूकदार होत्या. कुठल्याही भागीदारी पत्रावर मात्र त्यांची सही नव्हती.

कंपनी नाशिकला गेली. 1915 च्या सुमारास फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. पडद्यावर काड्या आपोआप हालचाली करू लागत. महायुद्धाने पैसा आटला, तरी 1917 मध्ये ‘लंकादहन’ने पेट्या भरून दिल्या. मग धनिकांना जाग आली आणि 1918 च्या पहिल्या दिवशी ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ उभी राहिली. व्यवस्थापन वामन श्रीधर आपटे यांच्याकडे. ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ ही चित्रे चालली. त्यांत कृष्ण झाली होती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. घरातला धंदा आता खऱ्या अर्थाने कंपनी झाला होता.

आणि तिथेच बिनसले. भांडवलवाल्यांना खर्चाचा आणि वेळेचा हिशेब हवा होता, फाळक्यांना चित्र मनासारखे हवे होते. दोघांचेही बरोबर! फाळके सोडून काशीला निघून गेले. तिथे ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले आणि काही काळाने त्याच कंपनीत परत आले ते पगारी तंत्रप्रमुख म्हणून. लोणावळ्याच्या छापखान्याची गोष्ट पुन्हा घडली होती.

याच काळात अमेरिकेत वॉल्ट डिस्ने नावाच्या तरुणाचे दिवाळे वाजले. 1923 मध्ये त्याची कॅन्सस सिटीतली पहिली कंपनी बुडाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याने लॉस एंजेलिसला नवी कंपनी काढली, थोरला भाऊ रॉय याच्याबरोबर. हा रॉय पूर्वी बँकेत कारकून होता. (आमच्या जमातीला एवढा तरी मान द्या!) 1928 मध्ये डिस्नेच्या हातून त्याचे लाडके सशाचे पात्र वितरकाने काढून घेतले, त्याच वर्षी मिकी माऊस पडद्यावर आला. वॉल्टने स्वप्ने पाहायची आणि रॉयने पैसा उभा करायचा, ही वाटणी भांडणांसकट आयुष्यभर टिकली. ‘स्नो व्हाइट’चा खर्च पंधरा लाख डॉलरच्या घरात गेला, पैसे संपले, तेव्हा बँक ऑफ अमेरिकाच्या अधिकाऱ्याने ते अर्धवट चित्र बसून पाहिले आणि कर्ज पुढे चालू ठेवले. 1937 च्या डिसेंबरात ते लागले. आपल्याकडे त्याच 1937 साली सदुसष्ट वर्षांच्या फाळक्यांचा ‘गंगावतरण’ आला. तो त्यांचा शेवटचा चित्रपट. ‘हिंदुस्थान’ कंपनी त्याआधीच बंद पडली होती.

दोघांच्या कल्पकतेची तुलना करण्याचा माझा अधिकार नाही. बाजारपेठाही वेगळ्या होत्या, देश पारतंत्र्यात होता. पण ताळेबंद वाचण्यात जन्म गेलेल्या माणसाला एक फरक दिसतो. डिस्नेला हिशेब पाहणारा आणि तरीही त्याच्या चित्रावर विश्वास ठेवणारा माणूस भागीदार म्हणून लाभला. फाळक्यांकडे हिशेबाचे भागीदार होते आणि विश्वासाची भागीदारही होती. हे दोन गुण एकाच कागदावर कधी आले नाहीत. सरस्वतीबाईंची सही त्या कागदावर असती, तर? असा प्रश्न आज विचारणे सोपे आहे, हे मला कळते.

16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला दादासाहेब गेले. शंभराच्या आसपास चित्रपट आणि अनेक लघुपट करूनही शेवटच्या काळात हाती फारसे काही उरले नव्हते. त्यांच्या नावाचा सरकारी सन्मान 1969 पासून दिला जाऊ लागला. वाटाण्याचा तो वेल आणि त्या आगकाड्या काळाच्या ओघात नाहीशा झाल्या.

गेल्या हिवाळ्यात वडिवळ्याच्या घरी मी कुंडीत वाटाणे पेरले. नातीने मोबाइलवर रोज सकाळी एक फोटो काढायचा, असे ठरले. दोनदा कुंडी हलली, एकदा ती सुट्टी संपून पुण्याला गेली, तेव्हा मी काढला. सगळे फोटो जोडून तिने दाखवले, तर वेल थरथरत, धडपडत वर चढत होता. काही सेकंदांचेच चित्र. पाहताना मला मात्र पदराची गाठ सोडणारी ती माउली आणि टेबलावर तशीच राहिलेली कॅसेट दिसत होती. तो पोरगा आता पन्नाशीला आला असेल. हे त्याच्या वाचनात आले, तर त्याने एकदा घरी यावे. कॅसेट अजून असेल, तर यंत्र मी शोधून ठेवतो.