कार्व्हरची लॉन्ड्री

समितीने मला सांगितलं, शाळेत असताना वाचलेल्या एखाद्या थोर माणसावर लिही, तीन पानं पुरेत, आणि भाषण नको. शेवटची अट कोणी घातली असेल ते मी ओळखलं. गॅदरिंगला माझं भाषण घंटा वाजवून थांबवावं लागलं होतं, ते सगळ्यांनाच आठवत असणार.

आपल्या तुकडीतल्या बऱ्याच जणांनी आठवी-नववीत ‘एक होता कार्व्हर’ वाचलं. वीणा गवाणकरांचं ते पुस्तक १९८१ साली निघालं आणि काही वर्षांतच आपल्या ग्रंथालयातल्या एकुलत्या एक प्रतीची पानं सुटी झाली. ती प्रत मिळावी म्हणून नंबर लावावा लागे. त्यातून आपल्याला काय आठवतं? शेंगदाणा, रताळी, लाल मातीतून केलेले रंग. मला मात्र कार्व्हर आठवतो तो कपडे धुताना. त्याचं कारण मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ते पुढे येईलच.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरची जन्मतारीख कोणालाच माहीत नाही, कारण तो गुलाम म्हणून जन्मला आणि गुलामांच्या नोंदी कोणी नीट ठेवत नसे. साल १८६४ च्या आसपासचं, गाव अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं डायमंड ग्रोव्ह, मालक मोझेस कार्व्हर. तान्हा असतानाच त्याला आणि त्याच्या आईला, मेरीला, लुटारूंनी पळवून नेलं. मोझेसने माग काढायला माणूस पाठवला. बाळ तेवढं हाती लागलं, आई कधीच सापडली नाही. शोधणाऱ्याला बक्षीस म्हणून मोझेसने एक घोडा दिला.

मुलगा अशक्त, सारखा खोकणारा. शेतातली जड कामं त्याला झेपेनात, म्हणून मालकीण सुझनने त्याला घरात ठेवून घेतलं. स्वयंपाक, शिवण, विणकाम, कपडे धुणं आणि त्यांना खळ घालून इस्त्री करणं हे सगळं तो तिच्याकडे शिकला. शेतात राबणाऱ्या मोठ्या भावाच्या, जिमच्या, मानाने ही बायकी कामं. पण जॉर्जचं पुढचं सगळं शिक्षण याच कामांवर झालं. पुस्तकात ही चार-दोन वाक्यं आपण भरभर वाचून पुढे गेलो होतो.

डायमंड ग्रोव्हच्या शाळेत काळ्या मुलांना जागा नव्हती. दहा-बारा वर्षांचा असताना तो आठ-दहा मैलांवरच्या निओशो गावी एकटाच गेला. तिथे मरायाह वॉटकिन्स नावाच्या बाईंनी त्याला घरात घेतलं. त्या सुईण होत्या आणि लोकांचे कपडेही धूत. शाळा अगदी घराला लागून. मधल्या सुट्टीत जॉर्ज कुंपणावरून उडी मारून घरी यायचा, कपडे चोळता चोळता धडा वाचायचा आणि घंटा झाली की परत शाळेत. राहण्या-जेवण्याचा मोबदला तो असा फेडत होता.

निओशोच्या मास्तरांकडचं शिकून संपल्यावर तो कॅन्सस राज्यात गेला. फोर्ट स्कॉट गावात १८७९ साली एका काळ्या माणसाला जमावाने ठार मारताना त्याने पाहिलं आणि ते गाव सोडलं. मग ओलाथा, मग मिनीॲपोलिस. हे कॅन्ससमधलं छोटं मिनीॲपोलिस, आपल्या भाचे-पुतण्यांच्या नोकऱ्या असतात ते मोठं शहर नव्हे. तिथे त्याने स्वतःची लॉन्ड्री काढली आणि माध्यमिक शिक्षण पुरं केलं. मला यात एक व्यवहार दिसतो. गाव बदललं तरी कपडे सगळीकडेच मळतात. परक्या गावात काळ्या पोराला दुकानात किंवा कचेरीत कोणी उभं केलं नसतं, पण स्वच्छ धुतलेला सदरा कोणी नाकारत नव्हतं. शिवाय या धंद्यात तास आपल्या हातात राहतात. कपडे रात्री भिजवता येतात, पहाटे वाळत घालता येतात आणि मधला वेळ पुस्तकाला उरतो.

कॉलेजचा पहिला प्रयत्न फसला. कॅन्ससमधल्या हायलंड कॉलेजने पत्राने प्रवेश दिला आणि तो दारात जाऊन उभा राहिल्यावर कातडीचा रंग पाहून नाकारला. नंतरची काही वर्षं त्याने नेस काउंटीतल्या माळरानावर सरकारी योजनेतली जमीन कसण्यात घातली. मातीच्या ढेपांचं घर बांधलं, सतरा एकर नांगरली, ३०० डॉलरचं कर्जही काढलं. शेवटी ते सोडून तो आयोवा राज्यातल्या विंटरसेट गावी आला आणि एका हॉटेलात स्वयंपाकी झाला. तिथल्या मिलहॉलंड दांपत्याने त्याच्यामागे लकडा लावला की तू पुन्हा कॉलेजचा प्रयत्न कर.

तो १८९० च्या सप्टेंबरात इंडियानोलाच्या सिम्प्सन कॉलेजात दाखल झाला, तेव्हा वय सव्वीसच्या आसपास. विषय चित्रकला आणि संगीत. फी भरून झाल्यावर खिशात दहा सेंट उरले. त्यात त्याने पाच सेंटचं मक्याचं पीठ घेतलं आणि पाच सेंटची चरबी, आणि त्यावर आठवडाभर काढला. टब, धुण्याची फळी, साबण आणि खळ मात्र उधारीवर आणली. पोटासाठी तो उधार मागायला गेला नाही, पण धंद्याच्या सामानासाठी गेला, कारण ती उधारी फिटणार हे त्याला ठाऊक होतं. राहायला एक पडकी खोली होती. तिथेच चूल, तिथेच टब. मुलं कपडे घेऊन येत आणि उलट्या ठेवलेल्या खोक्यांवर बसून गप्पा मारत. असं सांगतात की तो एकदा वर्गात असताना या मुलांनी वर्गणी काढून खोलीत टेबल, खुर्च्या, पलंग आणून ठेवले. कोणी आणले ते कोणी कबूल करेना. तो दान घेणाऱ्यांतला नव्हता आणि हे मुलांना कळलेलं होतं.

इथे मी थोडा माझ्याकडे वळतो.

दहावीनंतर आपण पांगलो. मी पुण्याला बीएस्सीला गेलो हे तुम्हाला माहीत आहे. मी घरून पैसे मागवत नव्हतो हे माहीत नाही. वडिलांची गिरणी बंद पडली होती आणि धाकट्या दोघींच्या शाळा चालू होत्या. पहिल्या वर्षी मी नोकरी शोधली ती आधी लाज वाटणार नाही अशी. शिकवण्या मिळेनात, मराठी शाळेतल्या मुलाकडे पोरं पाठवायला पेठेतल्या आया तयार नव्हत्या. टायपिंग येत नव्हतं. एका दुकानात हिशेबाचं काम दोन महिने केलं, त्याचे पैसे शेवटी मिळालेच नाहीत. मग वसतिगृहाच्या मागच्या लॉन्ड्रीत संध्याकाळी सहा ते दहा इस्त्री मारायला लागलो. महिना एकशे पंचाहत्तर रुपये, आणि काका रात्री चहा-पाव द्यायचे. कोळशाची इस्त्री उचलून मनगट दुखायचं. कपड्याला नंबराची चिठ्ठी लावणं, कॉलर आधी मग बाह्या, खळ किती पातळ करायची, हे सगळं काकांनी शिकवलं.

आता सांभाळण्याचं. कोणी सांगेल, मनावर घेतलं की काम आणि अभ्यास दोन्ही होतं. माझं झालं नाही. दुसऱ्या वर्षी परीक्षा दिवाळीला लागून आली आणि लॉन्ड्रीत दिवाळीला मान वर करायला सवड नसते. गणितात एटीकेटी लागली. घरी सांगितलं पेपर अवघड होता. त्या सुट्टीत मी कार्व्हर पुन्हा वाचला, या वेळी विकत घेऊन. या खेपेला माझं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, या माणसाला पदवी कितव्या वर्षी मिळाली. तिशीत! आठवीत हे आपल्याला कोणी मोठ्याने सांगितलंच नव्हतं. त्याची हुशारी कमी पडली नव्हती, पण टबापुढे गेलेले तास कुठून तरी वजा होणारच होते. मला त्याने केवढा धीर आला! मी काकांकडे जाऊन परीक्षेचा महिना बिनपगारी मागून घेतला. त्यांनी दिला. पहिल्याच वर्षी मागितला असता तरी दिला असता.

कार्व्हरला सिम्प्सनमध्ये चित्रकला शिकवणाऱ्या एटा बड यांना त्याच्या हातातली कला दिसत होती आणि काळ्या चित्रकाराला पोट भरता येणार नाही हेही दिसत होतं. त्यांचे वडील एम्सच्या कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. बाईंनी त्याला तिकडे जायला सुचवलं. चित्रकला सोडणं त्याच्या जिवावर आलं होतं, तरी १८९१ साली तो एम्सला गेला. तिथला तो पहिला काळा विद्यार्थी.

पहिल्या दिवसांत त्याला मुलांच्या भोजनगृहात बसू दिलं नाही. तळघरात, नोकरमाणसं जेवत तिथे त्याचं पान. हे कळल्यावर इंडियानोलाच्या ओळखीच्या एक गोऱ्या बाई, मिसेस लिस्टन, चांगला पोशाख करून एम्सला आल्या, दिवसभर त्याच्याबरोबर फिरल्या आणि तळघरात त्याच्या शेजारी बसून जेवल्या. त्यानंतर वागणूक सुधारली. वसतिगृहात जागा नव्हतीच, प्राध्यापक जेम्स विल्सन यांची जुनी कचेरी त्याला राहायला मिळाली.

एम्समधली त्याची कामं मोजली तर छाती दडपते. भोजनगृहात वाढणं, इमारतीची झाडलोट, काचगृहातल्या रोपांची देखभाल, खेळाडूंना मालिश. त्यातलं काचगृहाचं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे पोटाचं काम आणि अभ्यास एकाच छपराखाली आले. सगळ्यांना असं काम मिळत नाही, मलाही मिळालं नाही. त्याला ते मिळालं आणि त्याने त्याचं सोनं केलं. कलमं आणि संकर यांवर त्याचा हात बसला. चित्रकलाही सुटली नव्हती. १८९२ च्या अखेरीस सीडर रॅपिड्सला राज्यातल्या चित्रांचं प्रदर्शन होतं. जायला ना भाडं, ना कपडे. सहाध्यायांनी त्याला जवळपास पकडूनच कापडवाल्याच्या दुकानात नेलं, सूट घेऊन दिला आणि तिकीट हातात ठेवलं. त्याचं ‘युका अँड कॅक्टस’ हे चित्र तिथून १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. दुसऱ्यांच्या कपड्यांना इतकी वर्षं इस्त्री करणाऱ्या माणसाला तो सूट अंगावर चढवताना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

तो १८९४ मध्ये पदवीधर झाला आणि १८९६ मध्ये एम.एस. वनस्पतिशास्त्रज्ञ लुई पॅमेल यांचा साहाय्यक म्हणून तो तिथेच रमला असता. पण अलाबामातल्या टस्कीगीहून बुकर टी. वॉशिंग्टन यांचं बोलावणं आलं. त्यांनीही हॅम्प्टनला शिकताना झाडलोट करून राहण्या-जेवणाचा खर्च भागवला होता. त्यांनी उभारलेल्या संस्थेत मुलं विटा पाडत, इमारती बांधत आणि शिकत.

पुढची कथा तुम्हाला पाठ आहे. प्रयोगशाळा नव्हती, तर मुलांना घेऊन उकिरड्यावरून बाटल्या आणि डबे वेचून ती उभी केली. कापसाने खंगलेल्या जमिनीत शेंगा आणि रताळी लावायला शेतकऱ्यांना शिकवलं. १९०६ पासून शेतीची शाळा घोडागाडीवर घालून खेड्यांत नेली. त्याच्या नावावर खपणाऱ्या सगळ्याच गोष्टी त्याच्या नव्हेत, पीनट बटर त्याने शोधलेलं नाही, पण त्याने त्याचं काही कमी होत नाही. सेहेचाळीस वर्षं एकाच संस्थेत काढून ५ जानेवारी १९४३ रोजी तो वारला. साठलेले सुमारे साठ हजार डॉलर संशोधनासाठी दिले.

राहिली माझी गोष्ट. तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात आपल्याच वर्गातला एकजण लॉन्ड्रीत आला. अभियांत्रिकीला होता, मुलाखतीला जायचं होतं, निळा शर्ट तासाभरात हवा होता. मी त्याला पाहिलं आणि पडद्यामागे गेलो. काकांनी शर्ट घेतला. तो बाहेर बाकावर तासभर बसला आणि मी आत उभा राहिलो. शर्ट काकांच्या हातून दिला. काकांनी मला काही विचारलं नाही. ज्या माणसाच्या खोलीत खोक्यांवर बसून सबंध कॉलेज गप्पा मारत होतं त्याचं पुस्तक माझ्या ट्रंकेत होतं, आणि मी शाळासोबत्यासमोर यायला लाजलो.

तो मित्र मेळाव्याला येणार आहे असं यादीवरून दिसतं. नाव लिहीत नाही, वाचताना त्याला कळेल. त्या शर्टाला इस्त्री मी केली होती रे. घाईत कॉलरला खळ जास्त झाली होती, मानेला टोचली असेल.